मिनिटाला ४५ शब्द



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणींनी (आणि दोन-तीन बाबांनीही) मला एकच प्रश्न विचारलाय. "स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातल्या जागेला अर्ज करायचाय, पण टायपिंग सर्टिफिकेट मागितलंय. हे काय प्रकरण आहे? आणि या वयात जमेल का?" प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहिते. मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. तुम्ही दुसरीकडे असाल तर अटी वेगळ्या असतील, पण गणित आणि सराव तोच.

आपल्यातल्या अनेक घरांची गोष्ट सारखी आहे. एक जण नोकरीच्या व्हिसावर येतो, दुसरी डिपेंडंट म्हणून. एच-४ वाल्यांपैकी काहींना २०१५ पासून ईएडी मिळायला लागलं, बाकीच्यांनी ग्रीन कार्डची वाट बघितली किंवा अजून बघताहेत. तोवर मुलं होतात, त्यांची शाळा सुरू होते, आणि कामाची परवानगी हातात येते तेव्हा रेझ्युमेवर आठ-दहा वर्षांची कोरी जागा असते. माझी दहा वर्षांची होती. त्याआधी एम.कॉम. आणि सांगलीला एका सहकारी बँकेत सात वर्षं काम.

त्या कोऱ्या जागेबद्दल मुलाखतीत प्रश्न येतो. डिग्रीचं इथल्या हिशोबाने मूल्यमापन करून आणा म्हणतात. फोनवर आपले उच्चार समोरच्याला दोनदा सांगावे लागतात. टायपिंगच्या परीक्षेत यातलं काहीही नसतं. समोर एक उतारा, एक घड्याळ, आणि पाच मिनिटांनी एक आकडा. गॅप का पडली, तुमचं कॉलेज कुठलं, तुमचं नाव कसं उच्चारायचं, कोणी विचारत नाही. परदेशात नव्याने सुरुवात करताना असा निःपक्षपाती दरवाजा फार क्वचित भेटतो. म्हणून या परीक्षेला कमी लेखू नका, आणि तिला घाबरूही नका.

कमी लेखण्याबद्दल मुद्दाम लिहितेय. मी सराव सुरू केला तेव्हा आत्याचा फोन आला होता. "अगं, बँकेत ऑफिसर होतीस, आणि आता टायपिस्टची परीक्षा?" आत्या प्रेमानेच बोलली. आपल्याकडे टायपिंग म्हणजे दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत स्टेशनजवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन करायची गोष्ट, असाच समज आहे. पण त्याच इन्स्टिट्यूटच्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्रात हजारो घरं उभी राहिली हेही आपण विसरतो. आजही तिथे लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीला मिनिटाला ३० किंवा इंग्रजीला ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. इथे ज्या जागांना टायपिंग मागतात त्या शाळेच्या ऑफिसातल्या, काउंटीच्या, कोर्टाच्या, ९११ चा फोन घेणाऱ्या डिस्पॅचरच्या जागा असतात. पक्क्या नोकरीला आरोग्य विमा आणि पेन्शन असतं. शाळेतली जागा असेल तर कामाच्या वेळा मुलांच्या वेळेशी जुळतात. घरात एकाच्याच व्हिसावर आणि एकाच्याच पगारावर सगळं उभं असेल, तर दुसऱ्या पगाराची आणि दुसऱ्या विम्याची किंमत काय हे ले-ऑफच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आता आकड्यांकडे. कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या 'ऑफिस टेक्निशियन (टायपिंग)' या पदाला मिनिटाला ४० शब्द लागतात. फेडरल सरकारच्या कारकुनी टायपिंगच्या जागांचा निकषही ४० शब्दांचाच आहे, पण तो पाच मिनिटांच्या चाचणीवर आणि तीन किंवा त्याहून कमी चुका असतील तरच. (फेडरल नोकऱ्यांना बहुतेक वेळा नागरिकत्व लागतं हे लक्षात ठेवा.) मी ज्या जागेला अर्ज केला तिथे ४५ ची अट होती, तीही 'नेट'.

हे 'नेट' काय, तिथेच सगळी गंमत आहे. टायपिंगच्या हिशोबात 'शब्द' म्हणजे खरा शब्द नाही, पाच वेळा बटण दाबणं म्हणजे एक शब्द. त्यात स्पेससुद्धा मोजली जाते. भारतातही हाच हिशोब आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत इंग्रजीसाठी ताशी १०,५०० की-डिप्रेशन लागतात. ६० ने भागा, मिनिटाला १७५ येतात. ५ ने भागा, ३५ शब्द. म्हणजे तिकडे ३५ चा सराव केलेला भाचा आणि इकडे ४५ च्या मागे लागलेली मामी एकाच मापाने मोजले जातात.

एकूण बटणं भागिले पाच, भागिले मिनिटं, हा झाला 'ग्रॉस' वेग. त्यातून प्रत्येक मिनिटामागच्या चुका वजा केल्या की 'नेट'. माझाच पहिला निकाल सांगते. पाच मिनिटांत ८५० बटणं, म्हणजे १७० शब्द, म्हणजे ग्रॉस ३४. चुका २५, म्हणजे मिनिटाला ५. नेट २९. हवे होते ४५. काही परीक्षांत एका चुकीला याहून जास्त दंड असतो, म्हणून ज्या जागेला अर्ज करणार त्यांच्या जाहिरातीतला नियम आधी वाचा.

आता बॅकस्पेसचा हिशोब, कारण हा फारसा कोणी सांगत नाही. समजा एक अक्षर चुकलं आणि ते तुमच्या लगेच लक्षात आलं. एक चुकीचं बटण आणि एक बॅकस्पेस, दोन बटणं वाया. नुकसान अर्ध्या शब्दाहूनही कमी. पण चूक पुढची तीन अक्षरं टाइप केल्यावर लक्षात आली तर? ती चारही बटणं वाया, शिवाय चार बॅकस्पेस. एकूण आठ बटणं, म्हणजे दीड शब्दाहून जास्त. तीच चूक तशीच सोडली असती तर एकच शब्द कापला गेला असता. म्हणजे नियम सोपा : लगेच लक्षात आलं तर दुरुस्त करा, उशिरा लक्षात आलं तर सोडून पुढे चला. याला अपवाद एकच. फेडरलसारखी चुकांवर मर्यादा असेल तर सोडून चालत नाही. आणि काही परीक्षांत बॅकस्पेस बंदच असतो. आपल्याकडच्या जुन्या टाइपरायटरवर ज्यांनी हात बसवलाय त्यांना याचं काही वाटणार नाही. तिथे चूक कागदावर उमटली की उमटली.

सर्टिफिकेटबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. घरी बसून फुकटच्या साइटवर काढलेलं सर्टिफिकेट बऱ्याच ठिकाणी चालत नाही. समोर कोणीतरी बसून घेतलेली परीक्षाच लागते. माझ्या एका मैत्रिणीचा अर्ज याच कारणासाठी परत आला, आणि तोवर मुदत संपली होती. अशी परीक्षा अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये थोडी फी भरून देता येते. काही ठिकाणी टेम्प एजन्सी किंवा सरकारी रोजगार केंद्रातही सोय असते. सर्टिफिकेटवर ग्रॉस वेग, चुका, नेट वेग, चाचणी किती मिनिटांची आणि तारीख हे सगळं असायला हवं. किती जुनं चालेल हेही जाहिरातीत दिलेलं असतं. जागा निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच काढून ठेवलं तर बरं.

आता सराव. मला २९ वरून पुढे जायला दहा आठवडे लागले, रोज २० मिनिटं. मुलांना झोपवल्यानंतर. रविवारी सुट्टी. दोन तास एकदम बसून काही मिळत नाही, बोटं थकतात आणि थकलेली बोटं चुकीच्या सवयी लावून घेतात.

पहिले दोन आठवडे वेग बघूच नका. 'एफ' आणि 'जे' या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो तर्जन्यांना न बघता सापडला पाहिजे. मग कुठलं बटण कुठल्या बोटाचं हे बसवायचं. हातांवर पातळ टॉवेल टाकून बसायचं, म्हणजे डोळे खाली जातच नाहीत. या काळात माझा वेग १९ वर घसरला होता. तुमचाही घसरेल. बहुतेक जण इथेच सोडतात, कारण जुन्या पद्धतीने २९ येत होते ना! धीर धरा.

दहाही बोटं वापरलीच पाहिजेत का? इथे एक खरी गोष्ट सांगते. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की स्वतःच शिकलेले, कमी बोटं वापरणारे काही लोकही रीतसर शिकलेल्यांइतकेच वेगवान असतात. कुठल्या अक्षराला कुठलं बोट हे त्यांचं ठरलेलं असतं, बोट दरवेळी बदलत नाही. पण असे लोक कीबोर्डकडे जास्त बघतात, आणि आपल्या परीक्षेत उतारा बघून टाइप करायचा असतो. नजर खाली गेली की परत आल्यावर ओळ शोधावी लागते. म्हणून तुमचा वेग आधीच ४० च्या आसपास असेल तर बोटं बदलायच्या भानगडीत पडू नका, फक्त खाली बघणं कमी करा. ३० च्या खाली असाल तर मात्र मुळापासून शिका.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात लक्ष फक्त अचूकतेवर. शंभर बटणांत दोनपेक्षा जास्त चुका होत असतील तर तुम्ही जास्त वेगाने जाताय, हळू व्हा. आल्टोच्या लोकांनी केंब्रिजबरोबर २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार जणांचं टायपिंग तपासलं. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द निघाला, आणि वेगवान माणसं चुका कमी करतात हेही दिसलं. आपल्याला वाटतं घाई केली की वेग वाढेल. प्रत्यक्षात चुका गेल्या की वेग आपोआप वर येतो. पोळ्या लाटताना जसं होतं तसंच. पहिल्या महिन्यात घाई केली तर नकाशे होतात. हात बसला की घाई न करताच भराभर होतात.

सहाव्या आठवड्यापासून रोज एक पूर्ण पाच मिनिटांची चाचणी. एक मिनिटाच्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. पहिल्या मिनिटात सगळेच पळतात, चौथ्या मिनिटात बोटं अडखळायला लागतात. वहीत तारीख, ग्रॉस, चुका, नेट असे चार रकाने करा आणि कुठली अक्षरं चुकली तेही लिहा. माझी 'बी' आणि 'व्ही'ची गल्लत व्हायची, आणि डाव्या हाताची करंगळी 'ए'ऐवजी रिकामी जागा चाचपडायची. मग पुढचे चार दिवस त्याच अक्षरांचे शब्द.

आपल्या लोकांच्या खास चुकाही सांगते. आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलोय. 'कलर' आणि 'लेबर'मध्ये आपली बोटं 'यू' घालणारच, 'सेंटर'च्या शेवटी 'आर-ई' येणारच, 'ऑर्गनाइझ'मध्ये 'झेड'च्या जागी 'एस'. उतारा अमेरिकन असतो, त्यामुळे हे सगळं चुकीत जातं. असे पंचवीस-तीस शब्द लिहून काढा आणि रोज दोनदा टाइप करा. दुसरं, आपण दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन लिपीत मराठी लिहितो, तेही अंगठ्यांनी आणि ऑटोकरेक्टच्या भरवशावर. परीक्षेत ऑटोकरेक्ट नसतो. कॅपिटल अक्षर, स्वल्पविराम, अवतरण चिन्ह सगळं स्वतः द्यायचं. तिसरं, अर्थ वाचत बसू नका. आपल्याला वाक्य सुधारायची हौस असते. समोर जे छापलंय ते, जसं आहे तसं.

शेवटचे दोन आठवडे परीक्षेसारखा सराव. लॅपटॉपचा सपाट कीबोर्ड आणि परीक्षा केंद्रातला जाड बटणांचा कीबोर्ड यात फरक पडतो, म्हणून लायब्ररीत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर बसा. काही ठिकाणी उतारा स्क्रीनवर असतो, काही ठिकाणी कागदावर. कागद डावीकडे ठेवून बघा, उजवीकडे ठेवून बघा. ध्येय अटीपेक्षा पाच शब्द वर ठेवा. ४५ हवेत तर घरी ५० आले पाहिजेत, कारण अनोळखी खोलीत हात गार पडतात आणि तीन-चार शब्द जातातच. मनगट दुखायला लागलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा. खुर्ची वर घ्या, कोपर टेबलाच्या उंचीला आणा, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका.

दहाव्या आठवड्यात घरी माझी १,२५० बटणं झाली, चुका ५. ग्रॉस ५०, नेट ४९. आता २९ शी तुलना करा. नेट २० ने वाढला, त्यातले ४ शब्द निव्वळ चुका कमी झाल्यामुळे, एकही बटण जास्त न दाबता मिळाले. परीक्षेच्या खोलीत ४७ आले. अट ४५ ची होती.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, हेही सांगायला हवं. पुढे लेखी परीक्षा, मुलाखत, गुणानुक्रमाची यादी, वाट बघणं. मला आधी बदली कारकून म्हणून अधूनमधून बोलावलं जायचं, पक्की जागा सात महिन्यांनी मिळाली. पण मुलाखतीला बसले तेव्हा समोरच्या फाइलमध्ये माझ्या नावाचा, याच देशातला, चालू वर्षातला एक कागद होता. "दहा वर्षं काय करत होता?" हा प्रश्न आला, पण त्याच्यापुढे "हे अलीकडेच केलंत का?" हाही आला. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

आणि मुलांचं. याच आल्टोच्या लोकांनी २०१९ मध्ये मोबाइलवरच्या टायपिंगचा अभ्यास केला. त्यात १० ते १९ वयाची मुलं आईबाबांच्या पिढीपेक्षा मिनिटाला साधारण १० शब्दांनी पुढे होती. म्हणून आपल्याला वाटतं, यांना टायपिंग येतंच. पण ते अंगठ्यांचं. मोठ्या कीबोर्डवर त्यातली बरीच जण दोन बोटांनी शोधत बसतात. इथल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या कॉमन कोअरमध्ये चौथीच्या मुलाने एका बैठकीत एक पान, पाचवीत दोन आणि सहावीत तीन पानं टाइप करावीत अशी अपेक्षा लिहिलेली आहे. पुढे हायस्कूलमध्ये एपीच्या बहुतेक परीक्षा २०२५ पासून कॉम्प्युटरवर गेल्यात, इतिहासाचे आणि इंग्रजीचे निबंध टाइपच करावे लागतात. विचार डोक्यात तयार आहेत आणि बोटं पोचत नाहीत, असं होऊ नये. आमच्या घरी दोन वह्या होत्या, एक माझी, एक पाचवीतल्या लेकीची. रविवारी आकडे शेजारी शेजारी ठेवायचो. "आई, तुझ्या चुका माझ्यापेक्षा जास्त आहेत" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आई अभ्यास करतेय हे मुलांनी रोज २० मिनिटं बघणं, हे मला कुठल्याही क्लासपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तर, ज्यांनी विचारलं होतं त्यांना माझं उत्तर : हो, जमेल. वयाचा इथे फारसा संबंध नाही, रोजच्या २० मिनिटांचा आहे. आज रात्री डिशवॉशर लावून झाला की पाच मिनिटांचं घड्याळ लावा आणि एक चाचणी द्या. जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, कितीही कमी असो. तो कुणाला सांगायची गरज नाही. पण दहा आठवड्यांनी नवा आकडा आला की मात्र खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि ज्यांनी ही परीक्षा यूकेत, कॅनडात किंवा दुसऱ्या राज्यात दिली आहे, त्यांनी तिथल्या अटी सांगा, म्हणजे पुढच्या मैत्रिणीचा अर्ज परत येणार नाही.